रबराचा डोंगर 'निरोगी' आणि सडा 'बिघडलेला' का दिसतो

तुम्ही सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याचा मानवी प्रभावाचा नकाशा (जिथे माणसाचा दाब जास्त तिथे जास्त गुण) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलात. त्यात रबर-काजूचे डोंगर निरोगी आले आणि सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, बिघडलेले, तर आकडेमोड कुठे चुकली, असा तुमचा प्रश्न आहे. आकडेमोड बहुधा ठीक असावी, चूक जमीन-आच्छादनाच्या थरात, म्हणजे कुठे झाडं, शेती, पाणी आहे ते दाखवणाऱ्या थरात आहे.

वर्ल्डकव्हर हा उपग्रहचित्रांवरून केलेला जागतिक जमीन-आच्छादन नकाशा १० मीटरच्या चौकटींचा असला तरी त्याच्या ११ वर्गांत फळबाग किंवा रबर असा वर्गच नाही. देवराई, काजू, रबर सगळं 'वृक्षाच्छादन' म्हणून शून्य गुणात जातं. पडताळणीला भारतीय वन सर्वेक्षणाचा नकाशा घेतलात तर तीच चूक पक्की होईल, कारण तिथेही १ हेक्टर किंवा जास्त जमिनीवर १० टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन धरतात, झाड कुठलंही असो. जांभ्याचा सडा मात्र 'उघडी जमीन' होतो आणि आपण त्याला पडीक समजून गुण देतो. तिलारीचा जलाशयही तपासा. तो 'कायमचं पाणी' म्हणून नैसर्गिक ठरला असेल, पण ते धरणाचं पाणी आहे.

रबर ओळखायला पानगळ कामी येते. डिसेंबर आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या दोन वेळची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं घेऊन एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकाचा, फरक काढा. रबर एकदम उतरतं, सदाहरित जंगल फारसं हलत नाही. पानझडी जंगलही उतरतं, म्हणून फक्त फरकावर जाऊ नका, लागवडीसाठी उतारावर कापलेले टप्पे आणि झाडांच्या ओळी डोळ्यांनी बघा. काजू पान गाळत नाही. तो बारीक चित्रावर ओळींवरूनच धरावा लागतो. सडे सरळ हाताने आखा, वेळ लागतो पण दुसरा भरवशाचा उपाय नाही. चित्र सप्टेंबर-ऑक्टोबरचं मिळालं तर बरं. मे महिन्यात सडा आणि चिऱ्याची खाण सारखीच दिसते.

आता गुण. व्हेंटर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या जागतिक पद्धतीत ८ दाबांची बेरीज ० ते ५० पर्यंत जाते. बांधकामाला १०, शेतीला ७, चराईला ४. लोकसंख्येला ३.३३३ × लॉग (घनता + १), लॉगचा पाया १०, म्हणजे चौरस किलोमीटरला १०० माणसं असतील तर सुमारे ६.७, आणि १००० च्या पुढे सरळ १०. रबर-काजूला मी ५ ते ६ ठेवेन. हा माझा अंदाज आहे, तो टिपणात स्पष्ट लिहा.

रस्त्याला पहिल्या ५०० मीटरला ८, मग ४ पासून घटत १५ किलोमीटरपर्यंत. तालुक्याच्या पातळीवर हे जसंच्या तसं चालत नाही, १५ किलोमीटरच्या आत कुठला ना कुठला रस्ता असतोच आणि सगळा नकाशा एकरंगी होतो. डांबरी रस्त्याला २-३ किलोमीटर, मातीच्या वाटेला ५०० मीटर ठेवून पाहा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर वाट नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं धरू नका.

करताना चार ठिकाणी हमखास फसगत होते. सगळे थर आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा, नाहीतर प्रॉक्सिमिटी हे अंतर काढणारं साधन अंतर अंशांत देतं आणि ५०० मीटरचा निकष निरर्थक होतो. सीमेबाहेरचे रस्ते कापू नका. अंतर काढून झाल्यावरच तालुका कापा, नाहीतर गोव्याच्या बाजूची कड खोटी स्वच्छ दिसते. लोकसंख्येचा थर पिक्सेलमागे माणसं मोजतो, त्यामुळे पिक्सेलचा आकार बदलताना (पुनर्नमुना) बायलिनियर, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणारी पद्धत, घेतली तर एकूण बदलतं, 'सम' (बेरीज) वापरा. आणि नोडेटाला, म्हणजे माहिती नसलेल्या पिक्सेलला, ० भरा. थरांची बेरीज करणाऱ्या रास्टर कॅल्क्युलेटरला एका थरात नोडेटा भेटला की बेरजेतही भोकच पडतं.

हा नकाशा दाब दाखवतो, आरोग्य नव्हे. कमी गुणांच्या सड्यावरही रानमोडी हे आक्रमक तण माजलेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक वर्गातून यादृच्छिक ३०-४० बिंदू काढा, आधी उपग्रहचित्रावर पाहा, आणि सडे-रबराच्या सीमेवरचे तरी प्रत्यक्ष चालून तपासा. त्या बिंदूंवर किती चुकले ते टक्क्यांत नकाशाखालीच छापा.