इंग्रजीत ‘फाइन’ म्हणजे छान आणि ‘फाइन’ म्हणजेच दंड, हे कसं काय?

शब्दकोशात या दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात, पण मूळ एकच: लॅटिनमधला ‘फिनिस’, म्हणजे शेवट किंवा सीमा. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ हेही त्याच घरातले.

यातली दंडाची गोष्ट मला फार आवडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये फाइन म्हणजे वादाचा शेवट, तडजोड. जमिनीची मालकी पक्की करायला लोक न्यायालयात असा करार करून घेत. ११९५ पासून तो एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहू लागले: दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची सरकारी दप्तरात. ही पद्धत थेट १८३३ पर्यंत टिकली. प्रकरण मिटवायचं तर पैसे मोजावे लागत, आणि पुढे त्या पैशांनाच फाइन म्हणू लागले. आज सिग्नल तोडल्यावर आपण पावती फाडून विषय संपवतो, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

‘छान’कडे जाणारी वाट वेगळी. सीमेपर्यंत पोचलेलं, म्हणजे ज्याच्यापुढे काही उरलं नाही असं. आपल्या ‘पराकाष्ठा’तल्या काष्ठेचा अर्थही सीमाच. म्हणून फाइन गोल्ड म्हणजे शंभर नंबरी सोनं. शुद्ध करत, गाळत, चाळत गेलं की वस्तू नाजूक होते, तेव्हा पीठ बारीक, कापड तलम, दोरा पातळ, या सगळ्यांना फाइनच. क्रिकेटमधला फाइन लेगही याच अर्थाचा: फलंदाजाच्या मागे, यष्ट्यांच्या रेषेशी अगदी लहान कोन करून उभा असलेला क्षेत्ररक्षक.

रोजच्या बोलण्यातल्या फाइनला मराठीत ‘छान’ म्हणू नका, ‘बरं’ म्हणा. ‘आता बरं वाटतंय’, ‘बरं, उद्या येतो’, आणि रुसून म्हटलेलं तुटक ‘बरं!’, या तिन्ही जागी इंग्रजीत फाइन बसतो. चौथी जागा मात्र आपल्याकडे नाही आणि तिथेच आपली माणसं अडखळतात. ‘चहा घेणार?’ असं विचारल्यावर समोरचा ‘आय अॅम फाइन’ म्हणाला, तर तो प्रकृती सांगत नाही. त्याला चहा नकोय.