‘एएनए पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे मला ल्युपस होणार ना?’

हा प्रश्न आता दर आठवड्याला समोर येतो. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी. ल्युपस म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. तो घेऊन येणारी माणसं बहुतेक धडधाकट असतात. आजारी असते त्यांची झोप. म्हणून अनेक भेटींतलं मोजकं, तपशील बदलून, इथे सांगते.

बाई शाळेत गणित शिकवतात, वय ३६. केस गळतात, थकवा येतो म्हणून तपासण्यांचं पॅकेज घेतलं. त्यात एएनए १:८०, ‘स्पेकल्ड’ म्हणजे ठिपकेदार. संधिवाततज्ज्ञांनी नीट तपासलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतलं प्रोटीन सगळं ठीक. आजार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तरी बाईंनी आणखी दोन लॅब गाठल्या. एकीकडे निगेटिव्ह, दुसरीकडे १:१६०.

“दोन महिन्यांत दुप्पट झालं, मॅडम!”

मी विचारलं, “१:८० म्हणजे काय?” ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. रक्तातला द्रव ८० पट पातळ करून काचेवरच्या पेशींवर टाकतात, चमकणारं रसायन लावतात आणि सूक्ष्मदर्शकातून केंद्रकं उजळतात का ते पाहतात. पुढची पायरी १६०, मग ३२०. चमक ठरवतो माणसाचा डोळा, त्यामुळे दोन लॅबमध्ये एका पायरीचा फरक नेहमीचाच. शिवाय एएनएचा आकडा आजाराच्या चढउताराबरोबर हलत नाही. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर तीच तपासणी पुन्हा करून हाती काही लागत नाही.

माहितीने त्या थोड्या शांत झाल्या, पण पुढच्या भेटीत भीती तशीच. रोज सकाळी त्या आरशात गालांवर लाली शोधत होत्या. तेव्हा मी आलेखाचा कागद पुढे केला. “हे १,००० चौकोन म्हणजे १,००० बायका. ल्युपस हजारात एकीला, असं मुद्दाम जास्तच धरू. तो चौकोन लाल करा.” १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, १५ प्रयोगशाळांच्या अभ्यासात निरोगी माणसांपैकी १:४० ला ३१.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३.३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३.३ टक्के. “आता १३३ चौकोन हिरवे करा.”

त्या रंगवत राहिल्या. मी बोलले नाही. पाचव्या ओळीपाशी पेन्सिल थांबली.

“या सगळ्या जणी रात्री झोपतात. कारण त्यांनी तपासणीच केलेली नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं असतं तर वाया गेलं असतं. माणसाला रिपोर्ट घाबरवत नाही, रिपोर्टला त्याने दिलेला अर्थ घाबरवतो. हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. तो अर्थ ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने खोडायचा असतो. गणिताच्या बाईंनी तो गणितानेच खोडला, याचं मला मनापासून समाधान आहे.

मात्र ‘काहीच होणार नाही’ असा शब्द मी देत नाही. २००३ च्या एका अभ्यासात ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाआधीच, काहींच्या तर नऊ वर्षं आधी, स्वप्रतिपिंडं (एएनएसारखी, स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं) होती. ही वाट उलटी चालत नाही: ल्युपस असलेल्या जवळपास सगळ्यांचा एएनए पॉझिटिव्ह असतो, पण पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना ल्युपस नसतो. लक्षणं असतील तर हे गणितही बदलतं.

म्हणून आरशाऐवजी यादी दिली: नाकावरून दोन्ही गालांवर पसरणारी, न जाणारी लाली, तोंडात वारंवार येणारे व्रण, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारे, सुजलेले सांधे, थंडीत पांढरीनिळी पडणारी बोटं, फेसाळ लघवी, पायांवर सूज, खोल श्वासाला छातीत कळ, कारण न सापडणारा ताप. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं, नाही तर नाही. क्षयासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर तेही आवर्जून सांगायचं. त्यानेही एएनए पॉझिटिव्ह येतो. पॅकेजमधून एएनए वगळायचा, तो डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिला तरच.

शेवटच्या भेटीत बाई म्हणाल्या, बहिणीचा फोन आला होता, रडत. तिची टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे थायरॉइडविरुद्धचं प्रतिपिंड, वाढलेली. थायरॉइडचा आजार नसलेल्यांतही साधारण दहात एकाला ती असते, हे आम्ही बोललो होतो.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“आधी विचारलं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा, किती आहे? नॉर्मल होता. म्हटलं, रडू नकोस, वर्षातून एकदा टीएसएच बघ.”