उजवा खांदा दुखतो, पण तपासणीत सांध्यात दोष सापडला नाही. कारण पोटात असू शकते का?

होय, असू शकते, आणि खांद्यात काहीच न सापडणे हाच अशा वेळी महत्त्वाचा धागा ठरतो. हात डोक्यावर नेताना किंवा सांध्यावर दाब दिल्यावर वेदना वाढत नसेल, मात्र तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली सुरू होऊन ती खांद्याकडे किंवा पाठीच्या फऱ्याकडे सरकत असेल, तर पित्ताशयातील खड्यांचा विचार करावा लागतो. पित्ताशयाची सूज श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला) भिडली की तेथील संवेदना मानेतील मज्जारज्जूच्या ज्या भागात पोहोचते, तेथेच खांद्याच्या त्वचेचीही पोहोचत असल्याने मेंदूची गफलत होते.

उलटही घडते. पोटदुखीसाठी सोनोग्राफी, एंडोस्कोपी सारे होते आणि दुखणे निघते पोटाच्या भिंतीचे, म्हणजे आतल्या अवयवांचे नव्हे तर त्यांवरील स्नायू-नसांचे. कार्नेट या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९२६ मध्ये सांगितलेली साधी तपासणी येथे उपयोगी पडते (ती अनेकदा राहूनच जाते, हे दुर्दैव): रुग्णाला उताणे झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून धरावे आणि डोके उचलायला सांगावे, वेदना वाढली तर दोष बहुधा भिंतीत, कमी झाली तर आत.

खांदेदुखीसोबत ताप, कावीळ, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.