आजी वारली समाजातली होती, हे आत्ता कळलं

प्रश्न: ताई, माझं वय 63, डोंबिवलीत राहते. आई गेली, तिच्या तेराव्याला मामा (वय 86) बोलता बोलता सांगून गेले की आमची आजी डहाणूकडच्या वारली पाड्यावरची, लहानपणी सावकाराच्या वाड्यावर कामाला ठेवलेली, आजोबांचं तिथे किराणा दुकान होतं, त्यांनी तिच्याशी लग्न केलं, नाव बदललं आणि घरात तो विषय कायमचा बंद. आईला माहीत होतं पण तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही याचा राग येतो. घरात लग्न असलं की आजी कोठीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने मोठा चौकोन काढायची, आत काहीतरी आकृती, आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायची, आम्हाला ती रांगोळीच वाटायची. आता तिच्या माणसांना भेटावंसं वाटतं पण इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि भाची विचारतेय, तिच्या मुलाला एसटीचा दाखला मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी मामांकडे जा, याच आठवड्यात. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. आजीचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं, भावांचं नाव, कूळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाडा, कारण नुसत्या गावाच्या नावावर काही सापडत नाही, एकेका गावाला कितीतरी पाडे असतात. डीएनए टेस्टच्या नादी लागू नका, त्यातून कूळ नि पाडा निघत नाही, ते फक्त माणसांना माहीत असतं.

आईवरचा राग मला समजतो, पण तुमच्या आजीच्या तरुणपणी तिथे काय चाललं होतं ते बघा ना. जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या, फुकटची वेठ, आणि लग्नासाठी कर्ज काढलं की तो माणूस लग्नगडी, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी मालकाकडे राबायचं आणि ते कर्ज काही फिटायचं नाही. 1945 साली किसान सभा या शेतकरी संघटनेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली उठले, वेठ नाकारली, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात गेले. अशा मुलखातून निघालेल्या बाईने मुलांना गप्प राहायला शिकवलं असेल तर ती लाज नव्हती हो, भीती होती, आणि तुमच्या आईला ती भीती आयती मिळाली.

आणि तो चौकोन. तुम्ही वर्णन करताय तो मला लग्नाचा चौकच वाटतो. वारल्यांकडे लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी, आणि धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते, चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे बघा, बाहेर मांडवात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि तुमची आजी आत कोठीत एकटीने आपल्या पोरांची लग्नं आपल्या देवीसमोर लावून घेत होती! मला तर हे वाचून भरून आलं. घरात जुने अल्बम असतील तर लग्नाचे फोटो काढून बघा, मागे कोठीची भिंत दिसतेय का.

कागदपत्रं हवी असतील तर तहसील कचेरीत जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं, गाव नमुना 14, लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जातीची नोंद असते. बरंच मोडी लिपीत असतं, वाचणारा सोबत न्या. जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे असणार, डहाणू आता ज्यात आहे तो पालघर जिल्हा वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. नातेवाईक गुजरातेत किंवा दादरा-नगर हवेलीतही निघू शकतात.

जायचं कधी? भातलावणीत नको, कापणीत नको, माणसं शेतात असतात. चैत्र पौर्णिमेपासून डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा असते, तेव्हा पाड्यापाड्यावरचे लोक येतात, तो काळ बरा. गेल्यावर "मीपण वारलीच" असं म्हणू नका, "अमक्याच्या बहिणीची नात आलेय" एवढंच म्हणा, आपलं म्हणायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. जुने कपडे वाटायला नेऊ नका, आल्या आल्या फोटो काढू नका. कोणी म्हणेल, इतकी वर्षं कुठे होतात, तर ऐकून घ्या, तो त्यांचा हक्क आहे. तिकडे आज बुलेट ट्रेन, एक्सप्रेसवे, वाढवण बंदर यावरून लोक अस्वस्थ आहेत, ते विषय निघतीलच, नातं जोडायचं तर तेही ऐकायला लागेल.

दाखल्याचं मात्र स्पष्ट सांगते, भाचीने तो विचार सोडावा. जात साधारण वडिलांची धरतात. आई आदिवासी असेल तर मूल कुठल्या समाजात वाढलं, त्याने तिथले भोग भोगले का हे पुराव्याने बघायचं, असं सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये सांगितलं, आणि इथे तर मधे पिढ्या गेल्यात, सगळे शहरात वाढलेत. खोटा दाखला काढला तर महाराष्ट्राच्या 2001 च्या कायद्याने शिक्षा होते, पण ते जाऊ दे, पाड्यावरच्या ज्या पोराला आश्रमशाळेतून पुढे यायचंय त्याची जागा तुमच्या घरातल्याने घ्यायची, आणि तीही आजीच्या नावावर? मला हे अजिबात पटत नाही.

मामांकडून पाड्याचं नाव कळलं की लगेच लिहा. डहाणू-तलासरी भागात आपले काही वाचक शिक्षक आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देते.