सवलतीतला हलका लॅपटॉप घ्यावा का?

सव्वा किलोचा, १३ इंची, मागच्या पिढीचा लॅपटॉप ४० टक्के सवलतीत मिळतोय, रॅम ८ जीबी, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: ८ जीबीचा सोडा. तोच १६ जीबीमध्ये थोड्या जास्त पैशांत मिळत असेल तर खुशाल घ्या.

इतक्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असते, नंतर वाढवता येत नाही. ब्राउझरचे वीसेक टॅब, व्हिडिओ कॉल आणि एक्सेल एकत्र उघडलं की ८ जीबी भरत येते, आणि मशीन तर तुम्हाला चार-पाच वर्षं वापरायचंय. एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) मात्र पुष्कळ मॉडेल्समध्ये बदलता येते, म्हणून ती २५६ जीबीच आहे यावरून अडून बसू नका.

प्रोसेसर एक पिढी जुना आहे याची काळजी नको. फक्त इंटेलच्या नुसत्या 'आय५' या नावावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा. आय५-१३३५यू तेराव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सवलतीची टक्केवारी बहुतेकदा छापील किमतीवर काढलेली असते, तेव्हा गेल्या दोन-तीन महिन्यांत तो प्रत्यक्षात कितीला विकला जात होता ते आधी बघा.

आणि माल रिफर्बिश्ड (परत आलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला) किंवा दुकानात डिस्प्लेला ठेवलेला असेल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट मागा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी'च्या (बॅटरीची मूळ क्षमता) मानाने 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता) बरीच खाली आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच हिशोब करा.