बिलावरचा ‘7 दिवसां’चा शिक्का खोडल्याशिवाय पैसे देऊ नका

प्रवेशाच्या दिवसांत मला हाच प्रश्न अनेकजण विचारतात. या वेळी तो इंदूरच्या रामबागेतून आला आहे. अभियांत्रिकीला गेलेल्या मुलासाठी जेल रोडवर 24,000 रुपयांना मिळणारा रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) लॅपटॉप घ्यावा काय, असे एका ताईंनी विचारले असून दुकानाच्या बिलाच्या नमुन्याचा फोटोही पाठवला आहे. पूर्वी दुसऱ्या एका दुकानातून घेतलेला त्यांचा लॅपटॉप अकराव्याच दिवशी बंद पडला होता.

ताई, यंत्र कसे आहे ते जाणकाराकडून पाहून घ्या. मला काळजी वाटते ती बिलाच्या तळाशी असलेल्या निळ्या शिक्क्याची : ‘टेस्टिंग वॉरंटी 7 दिवस’. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. मात्र त्यासाठीची मुदत बिलात लिहिलेली असेल तीच धरली जाते, आणि बिलात ती लिहिलेलीच नसेल तर 30 दिवसांची. म्हणजे शिक्का नसलेले बिल आपल्याला 30 दिवस देते आणि शिक्क्याचे बिल त्यातले 23 दिवस काढून घेते. तेव्हा तो शिक्का खोडून ‘6 महिने’ असे लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्या. ते जमत नसेल तर निदान बिनशिक्क्याचे बिल मागा. दोन्हींना नकार मिळाला तर भाव कितीही चांगला असला तरी हा व्यवहार करू नका.

लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर बिलात हवाच, नाहीतर ते बिल याच यंत्राचे हे पुढे सिद्ध करणे अवघड जाईल. ‘बॅटरी नवी आहे’ असे दुकानदार म्हणत असेल तर तेही लिहून घ्या. पक्क्या बिलाला 18 टक्के जादा लागतील असे तो म्हणतो. पण जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला काही अटींवर विक्री आणि खरेदी यांतील फरकावरच कर भरण्याची सोय जीएसटीच्या नियम 32(5) मध्ये आहे. या दुकानदाराला ती लागू पडेल की नाही, हे त्याच्या खरेदीच्या कागदांवर अवलंबून राहील.

मागच्या लॅपटॉपबाबत मात्र मला आपला राग आला, हे लपवत नाही. चिठ्ठीवरचा असाच शिक्का दाखवून त्या दुकानदाराने परत पाठवले, आपण मुकाट घरी आलात आणि 21 महिन्यांत त्याला एक ओळही लिहिली नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते; आपल्या हाती जेमतेम 3 महिने उरले आहेत आणि नुसती नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. या आठवड्यात नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि उत्तराची फार वाट न पाहता इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. लॅपटॉपच्या किमतीएवढ्या रकमेला तक्रारीचे शुल्क नाही. शिक्क्याचे दिवस उलटले असले तरी मालातील दोषाच्या मुद्द्यावर तक्रार उभी राहू शकते, पण आपल्याकडे सिरियल नंबर नसलेली कच्ची चिठ्ठी आहे, त्यामुळे यशाची हमी मी देणार नाही. कायद्याने 3 महिन्यांत, आणि माल तपासणीला पाठवावा लागल्यास 5 महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडत राहतात आणि सामान्य ग्राहक थकून जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तोवर तो बंद लॅपटॉप दुरुस्तीसाठी कोणालाही उघडू देऊ नका.