कोट न घालणाऱ्या घरात कोट स्टँड कशाला?

तुमचा प्रश्न रास्त आहे: आपल्याकडे कोट घालतंय कोण, मग भाड्याच्या दोन खोल्यांत कोट स्टँड घेणं ही नुसती हौस की त्याचा काही उपयोगही होतो?

हौस आहेच, पण उपयोग जास्त आहे. एकदा घातलेला, धुवायला टाकावा इतका मळलेला नाही आणि घडी करून कपाटात ठेवावा इतका स्वच्छही नाही, असा शर्ट कुठल्या घरात नसतो? तो शेवटी खुर्चीच्या पाठीवर जातो, मग त्याच्यावर दुसरा, आणि आठवड्याभरात खुर्ची बसायच्या कामाची राहत नाही. जुन्या वाड्यांत यासाठी भिंतीतच लाकडी खुंट्या असत. फ्लॅट आले, खुंट्या गेल्या, कपडे तेवढेच राहिले. त्यात घरमालक भिंतीला ड्रिल लावू देत नाही. अशा ठिकाणी स्टँड कामाला येतो. घर बदललं की उचलला आणि निघालो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. दमट शर्ट किंवा चामडी पट्टा कपाटात कोंबला की चार दिवसांत बुरशी. स्टँडवर चहूबाजूंनी हवा लागते. आमचा दाराशीच आहे, जुन्या धाटणीचा: मधे छत्र्यांसाठी गोल कडं आणि तळाला पत्र्याची ताटली. जुलैत रात्रभर रेनकोट निथळतो आणि सकाळी ती ताटली उचलून तुळशीत रिकामी करायची, हे घरातल्या धाकट्याचं काम. (तो ते विसरतो, हे सांगायला नको.)

दिसण्याबद्दल म्हणाल तर वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे स्टँड मला सगळ्यांत देखणे वाटतात. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याने बीच नावाच्या झाडाचं अख्खं लाकूड वाफवून वाकवण्याचं पेटंट 1856 मध्ये मिळवलं. वाकवताना बाहेरची बाजू ताणून तडकू नये म्हणून तिथं लोखंडी पट्टी आवळायची, ही त्यातली मेख. इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. मुंबईत चोर बाजारात किंवा पुण्यात जुन्या बाजारात फिरताना असा तुकडा दिसला तर सांधे हलवून बघा. पॉलिश पुन्हा करता येतं, डुगडुगणारा बुंधा मात्र त्रास देतो.

नवा घेणार असाल तर आधी पाया बघा. ऑनलाइन मिळणारे हलक्या पाइपचे, स्क्रूने जोडायचे स्टँड एका बाजूला लॅपटॉपची बॅग लटकवली की कलंडतात. पाया जड आणि पसरट हवा, वजनदार वस्तू खालच्या आकड्यांना, आणि दोन्ही बाजूंना सारख्या. आकड्यांची टोकं गोल हवीत, नाहीतर कॉलरच्या मागे टोक उमटतं.

घरात रांगतं किंवा धरून उभं राहणारं मूल असेल तर सध्या घेऊच नका. दारावर अडकवायची आकड्यांची पट्टी मिळते, तिच्यावर भागवा. आणि लोकरीचे स्वेटर कशावरच टांगू नका, खांदे ओघळतात.